अंगठा, ओटीपी आणि घराचं कुलूप

मागच्या अंकात आधार, बँक आणि मोबाइलच्या सुरक्षेविषयी प्रश्न पाठवा असं सांगितलं होतं. पत्रं बरीच आली, सारखे प्रश्न मी एकत्र केले आहेत. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते: बार्शी तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे आणि मी बँकेची बीसी, म्हणजे गावात बँकेची कामं करून देणारी प्रतिनिधी, म्हणूनही काम करते. लोकांचा अंगठा मशीनवर ठेवून त्यांना त्यांचे पैसे काढून देणं हे माझं रोजचं काम. म्हणून पहिल्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

ताई, माझ्या वडिलांच्या खात्यातून लागोपाठ दोन दिवस १०,००० आणि ७,५०० रुपये गेले. त्यांच्याकडे एटीएम कार्ड नाही, फोन साधा बटणांचा आहे, ओटीपी आलाच नाही. पासबुकात ‘एईपीएस’ अशी नोंद आहे. बँकेत म्हणाले, अंगठा तुमचाच लागलाय, आम्ही काय करणार? — एक वाचक, करमाळा

दादा, बँकेतून तुम्हाला मिळालेलं हे उत्तर चुकीचं आहे. ते ऐकून गप्प बसू नका. एईपीएस म्हणजे आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर पैसे काढायची सोय. आधी काय करायचं ते सांगते, हे झालं कसं ते मागून.

अजून केला नसेल तर आत्ता १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक मिळाला की तो घालून बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. तोंडी सांगून आलात तर उद्या तुम्ही कधी आला होतात याचाच पुरावा राहत नाही. अर्जात त्या दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचे संदर्भ क्रमांक, लिहा. पासबुकात नीट छापले नसतील तर खात्याचा उतारा मागून घ्या.

आरआरएनचा आग्रह का धरते, तर एईपीएसचा पैसा कुठेतरी गायब होत नाही. खात्यातून वजा झालेली रक्कम केंद्रचालकाच्या बाजूला जमा होते आणि तो समोरच्या माणसाला रोख देतो. कोणत्या चालकाच्या कोणत्या मशीनवर किती वाजता अंगठा लागला, हे सगळं नोंदलेलं असतं. तेव्हा बँकेला सरळ विचारा, मशीन कुठलं होतं? वडील त्या वेळी करमाळ्यात आणि मशीन परमुलखात, असं निघालं तर पुढचं बोलणंच सोपं होतं.

आता नियमाचं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ठरवून दिलं, की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी गैरव्यवहार केला, आणि बँकेकडून व्यवहार कळल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर ग्राहकावर एक रुपयाचाही बोजा नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित बोजा. तक्रार आल्यावर दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. सगळ्यात मोठं म्हणजे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. ‘अंगठा तुमचाच’ एवढं म्हणून ती सुटत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तुमचे दिवस उलटले असले तरी अर्ज द्याच.

आता हे झालं कसं ते. एईपीएसला तीन गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार निघतात, म्हणून तुमच्या पहिल्या व्यवहाराचा आकडा बरोबर १०,००० आहे. खातं आधारला जोडलेलं असलं की ही सोय बहुधा आपोआप चालू असते, वेगळा अर्ज कुणी करत नाही. ही सोय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घ्यायला माझ्याकडे ज्या बाया येतात, त्यांना आधी त्याच पैशांतून एसटीचं भाडं भरून बँकेत जावं लागायचं.

पण बोटाचा ठसा पासवर्डसारखा बदलता येत नाही, आणि आयुष्यभर आपण तो कागदांवर उमटवत आलो आहोत. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून रबरी ठसे बनवले आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली होती. तशाच ठशांनी पुढे एईपीएसमधून पैसे काढल्याच्या तक्रारी वेगवेगळ्या राज्यांतून आल्या. २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने बोट जिवंत आहे की नकली हे ओळखणारी तपासणी आणली. त्याने फरक पडला, पण धोका पूर्ण गेला असं समजू नका.

दुसरी रीत यापेक्षा साधी आहे, आणि ती आमच्या धंद्यातल्याच काही लोकांची आहे, हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटतं. म्हातारा माणूस शिल्लक बघायला येतो. चालक म्हणतो, “सर्व्हर डाउन आहे बाबा, परत ठेवा.” पहिला अंगठा शिल्लक बघायला लागलेला असतो, दुसरा पैसे काढायला. म्हणून वडिलांना तीन सवयी लावा. अंगठा ठेवण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून आकडा बघायचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगायचं. प्रत्येक वेळी पावती घ्यायची, व्यवहार फसला असेल तर फसल्याची पावतीही निघते, तीही घ्यायची. आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणायचं. प्रामाणिक चालकाला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

आता कुलूप. मायआधार संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे. ते लावलं की बोट, डोळा, चेहरा यांपैकी कशानेही आधार पडताळणी होत नाही. ओटीपीने होणारी कामं चालू राहतात. वडिलांचा फोन साधा असला तरी अडचण नाही. तुमच्या फोनवर संकेतस्थळ उघडा, ओटीपी त्यांच्या फोनवर मेसेजने येईल. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला मात्र हवा. नसेल तर त्यांना आधार केंद्रात घेऊन जा, तिथे अंगठ्यावर नंबर जोडून मिळतो, कागदपत्रं लागत नाहीत.

पण लॉक लावलं की रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवरही अंगठा चालणार नाही. पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला अडेल. माझ्याकडे अशी माणसं येतात, मशीनवर ३३० क्रमांकाची चूक येते आणि त्यांना वाटतं, बोटच खराब झालं. घाबरू नका. त्याच पानावरून कुलूप दहा मिनिटांपुरतं उघडता येतं, काम झालं की आपोआप बंद होतं. दर महिन्याला हा खटाटोप नको असेल आणि वडील एईपीएस वापरतच नसतील, तर बँकेत अर्ज देऊन ती सेवाच बंद करून घ्या. बऱ्याच बँका देतात.

जाता जाता मायआधारवर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ही बघा. मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे, कधी, कशाने पडताळला गेला ते तारीख-वेळेसह दिसतं. तुमच्या तक्रारीला हा कागद जोडा.

माझ्या नावावर दुसऱ्या कुणी सिम घेतलंय का, हे कळतं का? — एक वाचक, नांदेड

कळतं. केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपला नंबर आणि ओटीपी टाका, तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतील. ओळखीचा नसेल त्यावर ‘हा माझा नंबर नाही’ असं नोंदवा. फोन चोरीला गेल्यास तो बंद करून घ्यायची सोयही तिथेच आहे. त्याला फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, लागतो. आत्ताच *#०६# दाबून तो वहीत लिहून ठेवा.

व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. उघडली तर ॲप इन्स्टॉल करायला सांगत होती, मी केलं. पत्रिका काही दिसली नाही. आता माझ्याच नंबरवरून सगळ्यांना तीच पत्रिका जातेय. — एक वाचिका, जळगाव

ताई, मासिक तुमच्या हाती पडेपर्यंत वाट बघणं बरोबर नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. बाकीच्यांसाठी इथे लिहिते. लग्नसराईत ही ‘पत्रिका’ येते, एरवी ‘आरटीओ चलान’ येतं, कधी बँकेच्या केवायसीचं नाव असतं. आतला माल एकच.

पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ते ॲप आहे, त्याला कोणतंही गोंडस नाव दिलेलं असो. इन्स्टॉल केलं की ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि आपण घाईत ‘अलाऊ’ दाबतो. त्यानंतर तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही’ असं लोक पोलिसांत सांगतात ते खरंच असतं. सांगायची गरजच उरलेली नसते.

असं झालं तर लगेच इंटरनेट बंद करा आणि सिमकार्ड बाहेर काढा. सिम तसंच राहिलं तर ओटीपी येतच राहतात. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३०. त्यानंतर फोनमधलं काय ठेवायचं, काय पुसायचं ते. अशी ॲप कधी कधी आपलं चित्रच लपवतात, म्हणून सेटिंगमधल्या ॲपच्या यादीत शोधा. मी तर फोन पूर्ण फॅक्टरी रीसेट, म्हणजे आतलं सगळं पुसून कोरा, करायला सांगते. फोटो जातील म्हणून लोक कचरतात, पण ते ॲप आत आहे की गेलं या शंकेत राहून त्याच फोनवर बँक वापरण्यापेक्षा ते बरं. नवा फोन असल्यासारखी सुरुवात करा, पासवर्ड आणि पिन बदला, आणि पत्रिका ज्यांना गेली त्यांना साध्या फोन कॉलवर सांगा. तुमच्या काकूंनी तुमच्या नंबरवरून आली म्हणूनच ती उघडलेली असेल.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय, ‘घरी सांगायची लाज वाटते.’ ताई, लाजेत गेलेला प्रत्येक तास चोराच्या कामी येतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात फार वेगाने फिरतात. १९३० वर लवकर कळवलं तर ते मधल्या खात्यात अडवता येतात. हुशार, शिकलेली माणसं यात सापडतात, मी रोज बघते. घरच्यांनीही ‘तुला कळत नव्हतं का’ हा प्रश्न तेवढा विचारू नये.

अक्कलकोट, पंढरपूर, शिर्डी, कुठेही मुक्कामाला गेलो की आधारची झेरॉक्स मागतात. द्यावी का? आणि आमच्या घरात नवीन भाडेकरू येतोय, त्याचं आधार खरं की खोटं कसं ओळखायचं? — एक वाचक, लातूर

मुक्कामाला ओळख मागणं रास्त आहे. पण तिथे तुम्ही कोण हे दाखवायचं असतं, पूर्ण बारा आकडे त्यांच्या रजिस्टरात ठेवायची गरज नसते. मायआधारवरून ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. नाव, फोटो, पत्ता सगळं असतं आणि तो ग्राह्य आहे. त्याच्या दोन-तीन प्रती प्रवासाच्या पाकिटात ठेवा. झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त मुक्कामासाठी’, ठिकाण, तारीख, सही. अक्षरं फोटोवरून आणि नंबरावरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. आणि झेरॉक्सच्या दुकानात काचेवर विसरलेलं मूळ कार्ड! माझ्या टेबलाच्या खणात अशी कार्डं मालकाची वाट बघत पडलेली असतात.

भाडेकरूचं कार्ड नुसतं बघून काही कळत नाही. चांगल्या प्रिंटरवर कुणीही हवं ते नाव छापू शकतं. कार्डावरचा क्यूआर कोड एमआधार ॲपने स्कॅन करा. त्या चौकोनात नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो असतो आणि त्यावर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. छापलेलं नाव एक आणि स्कॅन केल्यावर वेगळं, किंवा सहीच जुळत नाही, असं निघालं तर किल्ली देऊ नका. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन करून उपयोग नाही, त्यात नुसते आकडे येतात. पोलिसांत भाडेकरूची माहिती देणं याने टळत नाही, तेही करा.

आईवडील सांगलीत एकटे राहतात. आई किल्ली विसरते म्हणून दाराला बोटाच्या ठशाचं डिजिटल कुलूप लावायचं ठरवतोय. योग्य आहे का? — एक वाचक, ठाणे

कुलूप घ्यायला हरकत नाही, पण बोटावर विसंबून घेऊ नका. साठी-सत्तरीतली बोटं मी रोज मशीनवर बघते. वयाने कातडी कोरडी आणि पातळ होते, रेषा झिजतात. ज्या बायांनी आयुष्यभर धुणीभांडी केली किंवा शेतात राबल्या, त्यांच्या उजव्या अंगठ्यावर मशीनला धरायला काही सापडत नाही. थंडीत तर जास्तच. अशा वेळी मी हात कोमट पाण्याने धुऊन पुसायला सांगते, जरा खोबरेल चोळून पुसायला लावते, आणि अंगठा सोडून मधलं किंवा अनामिकेचं बोट वापरते. ती कमी झिजलेली असतात. तुमच्या आईची बोटं नोंदवताना हेच करा: दोन्ही हातांची दोन-दोन तरी बोटं, आणि एकच बोट वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा.

दुकानात गेलात की ॲपमधले खेळ दाखवतील. तुम्ही वेगळंच विचारा. साधी किल्ली लागते का आणि तिचं भोक कुठे आहे? बऱ्याच कुलपांत ते झाकणाखाली असतं आणि घरात कुणालाच माहीत नसतं. बॅटरी उतरली तर बाहेरून चालू कसं करायचं? काहींना खाली नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायचे दोन बिंदू असतात, काहींना मोबाइलच्या चार्जरची पिन. आतून एकाच हँडलने, वीज-बॅटरी काही नसताना उघडतं का? आग लागली किंवा वडील आत पडले तर याच गोष्टीला महत्त्व आहे. इंटरनेटशिवाय पूर्ण चालतं का? यांतल्या एकाचंही उत्तर नीट मिळालं नाही तर ते कुलूप घेऊ नका.

किल्ली घरात कपाटात ठेवू नका, शेजारी विश्वासाच्या घरी ठेवा. मूळचा पासकोड पहिल्याच दिवशी बदला. कामवाल्या मावशींना वेगळा कोड द्या, आईचा नको. त्यांनी काम सोडलं की तेवढाच पुसता येतो. कोड म्हणून जन्मसाल नको. आणि दाराची जुनी कडी आणि साखळी काढू नका. रात्री आतून तीच उपयोगाची.

कॅमेराही लावणार आहात असं पत्रात आहे. तो दाराबाहेर लावा, आत बैठकीच्या खोलीत नको. ठाण्याहून आईवडिलांवर लक्ष ठेवता येईल हे खरं, पण त्यांना त्यांच्याच घरात बनियनवर बसायला संकोच वाटू नये. त्यांना विचारून ठरवा. कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलल्याशिवाय तो इंटरनेटला जोडू नका. लोकांच्या घरातली आणि दवाखान्यांतली दृश्यं बाहेर फुटतात ती मुख्यतः याच ढिलाईने. २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीचं प्रमाणपत्र लागतं, ते आहे का हे दुकानदाराला विचारा.

मी ७१ वर्षांची आहे. भाजीवालाही आता सुट्टे नाहीत म्हणतो. मुलगा म्हणतो, आई तू यूपीआयच्या भानगडीत पडू नकोस, फसशील. मला शिकायचंय. शिकू का? — एक वाचिका, सातारा

आजी, जरूर शिका. मुलाची काळजी खरी आहे, पण त्यावर उपाय तुमचा व्यवहार बंद करणं हा नाही. पैसे तुमचे आहेत.

असं करा. पेन्शनचं आणि ठेवींचं खातं यूपीआयला जोडूच नका. दुसऱ्या बँकेत एक छोटं खातं काढा, त्यात महिन्याच्या भाजी-दूध-औषधांपुरते पैसे ठेवा आणि तेवढंच जोडा. त्यातही ‘यूपीआय लाइट’ चालू करून घ्या. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो. मंडईच्या गर्दीत चारचौघांसमोर पिन दाबायची वेळ येत नाही. फोनला मात्र लॉक हवाच, कारण उघडा फोन चोराच्या हाती पडला तर लाइटमधले पैसे जातील. तुम्ही आधी पाचशे-हजारच ठेवा.

मुलाची समजूत घालायची असेल तर त्याला ‘यूपीआय सर्कल’ सांगा. त्याच्या खात्यातून तुम्ही पैसे द्यायचे आणि प्रत्येक व्यवहाराला त्याच्या फोनवर मंजुरी मागितली जायची, अशी सोय त्यात आहे. पण मला विचाराल तर तुमचं स्वतःचं छोटं खातंच बरं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मुलाची परवानगी कशाला?

पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. कुणी म्हणालं, ‘आजी, तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका,’ तर फोन ठेवून द्या. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला, ‘तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही’ असं ऐकू आलं, तरी फोन ठेवा. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. खऱ्या पोलिसाला तुमच्या दारात यावं लागतं. असा फोन आल्यावर मुलाला किंवा शेजारणीला लगेच सांगायचं, ‘कुणाला सांगू नका’ असं पलीकडून बजावलं असेल तर आधी सांगायचं.

पहिले आठ दिवस नातवाला किंवा शेजारच्या मुलीला बरोबर घेऊन मंडईत जा. कोड स्कॅन झाल्यावर वर दुकानाचं किंवा भाजीवाल्याचं नाव येतं, ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा, मग आकडा टाका. फोन वापरायचा तुम्हीच, शेजारच्या मुलीने नुसतं बघायचं.